लस घेतल्यावर दंड दुखतो. पण हातच उचलत नसेल तर? खांद्याच्या मज्जातंतूंचे दुर्मीळ त्रास समजून घ्या

समजा, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, उल्हास नदीकाठच्या दहिवलीत भातकापणी चालू आहे. कापताना एका बाईंच्या बोटाला विळा लागतो. जखम खोल आहे, मातीही लागली आहे. दवाखान्यात टाका पडतो आणि दंडावर 'टीटी'चं इंजेक्शन दिलं जातं. दोन दिवस दंड दुखतो आणि थांबतो. पंधरा दिवसांनी मात्र मध्यरात्री खांद्यात अशी कळ येते की झोप उडते. आठवडाभराने कळ ओसरते, पण आता डोक्यावर भारा ठेवायला हात वर जात नाही.

कुणी म्हणतं, उशीवर मान वाकडी झाली. कुणी म्हणतं, नस चढली, चोळून घ्या. आणि घरातला कुणीतरी मोबाईल पुढे करतो: 'लस घेतली आणि हात लुळा पडला.'

असं खरंच होऊ शकतं का? हो, होऊ शकतं, पण फार क्वचित. मोबाईलवरच्या मेसेजमध्ये जी गोष्ट नसते ती अशी: इंजेक्शननंतर खांदा किंवा हात धरण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपचार वेगळे. कोणता प्रकार आहे हे बऱ्याचदा एकाच प्रश्नाने कळतं: दुखणं सुरू कधी झालं?

आधी नेहमीचं दुखणं

लस घेतल्यावर दंड दुखणं, ती जागा लाल होणं, थोडी सूज येणं, अंग कसकसणं हे अगदी नेहमीचं आहे. लस शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावते, त्याची ती खूण. हे दुखणं पहिल्या दिवशी सुरू होतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. दंड दाबला तर दुखतो, पण हात सगळ्या दिशांना फिरतो, बोटं हलतात, बधिरपणा नसतो. यासाठी गार पाण्याची घडी आणि गरज लागल्यास पॅरासिटामॉल पुरतं.

आता पुढच्या तीन प्रकारांकडे येऊ. त्यासाठी दंडाच्या आत काय असतं ते आधी पाहायला हवं.

दंडाच्या आत काय असतं?

खांद्यावर हात ठेवला तर वरच्या टोकाला एक कडक हाड लागतं. त्याच्या खाली जो गोलसर मांसल भाग आहे, तो डेल्टॉइड स्नायू. हात बाजूला वर उचलण्याचं मुख्य काम तो करतो. मोठ्या माणसांच्या बहुतेक लशी याच स्नायूत देतात.

योग्य जागा हाडाच्या टोकापासून साधारण दोन ते तीन बोटं खाली, स्नायूच्या मधोमध असते. या जागेच्या आजूबाजूला तीन नाजूक गोष्टी आहेत:

- वर: खांद्याच्या सांध्यावर द्रवाने भरलेली एक पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. हाडं आणि स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती असते.
- आत: डेल्टॉइडच्या आतल्या बाजूने ॲक्सिलरी नावाचा मज्जातंतू आडवा जातो. हाडाच्या टोकापासून तो साधारण 5 ते 7 सेंटीमीटर खाली असतो.
- खाली आणि मागे: दंडाच्या हाडाला लगटून रेडियल मज्जातंतू जातो. मनगट आणि बोटं वर उचलण्याचं काम त्याच्याकडे.

हे सगळे मज्जातंतू मानेतून निघतात. मान आणि काखेच्या मधे त्यांचं एक जाळं तयार होतं, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. घरातल्या मेन बोर्डातून प्रत्येक खोलीला वायर जाते, तसं या जाळ्यातून खांदा, दंड, मनगट आणि बोटांना एकेक मज्जातंतू जातो.

प्रकार 1: सुई फार वर लागली

सुई योग्य जागेपेक्षा वर, सांध्याजवळ लागली तर लस स्नायूत न जाता बर्सात जाऊ शकते. लशीचं काम प्रतिकारशक्तीला जागं करणं. ते काम ती सांध्यापाशी करू लागली की तिथे दाह होतो. वैद्यकीय भाषेत याचं नाव 'सिर्वा'.

हे दुखणं इंजेक्शननंतर काही तासांत, फार तर 48 तासांत सुरू होतं आणि नेहमीसारखं तीन दिवसांत जात नाही. केस विंचरणं, पाठीमागे हात नेणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं कठीण होतं. आठवडे, कधी महिने हा त्रास राहतो आणि खांदा आखडतो. मात्र मुंग्या किंवा बधिरपणा सहसा नसतो, कारण इथे दुखापत मज्जातंतूला नसून सांध्याच्या भोवती असते.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या तज्ज्ञांनी लशींच्या दुष्परिणामांचा मोठा आढावा घेतला होता. इंजेक्शनमुळे खांद्याच्या बर्साचा दाह होऊ शकतो, हे त्यांनी ठामपणे मान्य केलं. लक्षात घ्या, दोष लशीतल्या औषधाचा नाही, सुई टोचण्याच्या जागेचा आहे.

प्रकार 2: सुई थेट मज्जातंतूला लागली

हा प्रकार ओळखायला सगळ्यात सोपा. सुई आत जाताच करंट लागल्यासारखी कळ दंडातून खाली बोटांपर्यंत जाते. माणूस तिथल्या तिथे दचकतो. त्यानंतर मुंग्या, आग किंवा बधिरपणा.

सुई फार खाली किंवा मागे लागली तर रेडियल मज्जातंतूला इजा होऊ शकते. मग मनगट खाली लोंबतं आणि पंजा वर उचलता येत नाही. ॲक्सिलरी मज्जातंतूला इजा झाली तर हात बाजूला उचलताना जोर लागत नाही आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूचा एक पट्टा बधिर होतो.

लस टोचताना अशी कळ आली तर गप्प बसून सहन करू नका. लगेच सांगा. सुई काढून दुसऱ्या जागी देता येते.

प्रकार 3: मज्जातंतूंच्या जाळ्याला सूज

सुरुवातीच्या उदाहरणातला त्रास या प्रकारचा आहे. याला ब्रेकियल न्यूरायटिस म्हणतात. दुसरं नाव पार्सोनेज-टर्नर सिंड्रोम. मॉरिस पार्सोनेज आणि जॉन टर्नर या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी 1948 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा 136 रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं.

इथे सुईने काहीही बिघडवलेलं नसतं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. म्हणूनच ज्या दंडावर लस घेतली, त्याच्या विरुद्ध हातालाही हा त्रास होऊ शकतो.

तो टप्प्याटप्प्याने पुढे जातो:

1. लशीनंतर काही दिवस ते चार आठवडे सगळं ठीक.
2. मग अचानक, बऱ्याचदा रात्री, खांद्यात किंवा खांद्याच्या पात्याजवळ असह्य वेदना. साध्या गोळीने त्या थांबत नाहीत.
3. काही दिवस ते काही आठवड्यांनी वेदना उतरतात. माणसाला वाटतं, बरं झालं.
4. आणि तेव्हाच लक्षात येतं की हातात जोर नाही. खांद्याचं मांस उतरू लागतं. भिंतीला हात टेकवून ढकलल्यावर काहींच्या पाठीवरचं खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं.

चौथा टप्पा इथे महत्त्वाचा. दुखणं थांबलं म्हणून अनेक जण डॉक्टरांकडे जायचं थांबवतात. याच वेळी जायला हवं.

एका नजरेत फरक

- टोचतानाच करंट, मग बधिरपणा किंवा मनगट लोंबणं: मज्जातंतूला थेट इजा.
- 48 तासांत सुरू झालेलं, सांधा हलवताना वाढणारं, न थांबणारं दुखणं. बधिरपणा नाही: बर्साचा दाह.
- 2 ते 28 दिवसांनी अचानक भयंकर वेदना, त्यानंतर अशक्तपणा: ब्रेकियल न्यूरायटिस.
- पहिल्या दिवशी सुरू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपलेलं: नेहमीचा परिणाम. काळजी नको.

हे किती जणांना होतं?

ब्रेकियल न्यूरायटिसचा संबंध सगळ्यात जास्त ज्या लशीशी जोडला जातो ती धनुर्वाताची. आपल्याकडे सरकारी लसीकरणात आता 'टीटी'ऐवजी 'टीडी' देतात, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची लस. ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आणि गरोदरपणात दिली जाते. लोकांच्या तोंडी नाव मात्र अजून 'टीटी'च आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार धनुर्वाताच्या लशीनंतर ब्रेकियल न्यूरायटिस होण्याचं प्रमाण दहा लाख डोसांमागे 5 ते 10 इतकं आहे. हा आकडा घरचा करून पाहू. 2011 च्या जनगणनेत कर्जत तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर होती. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्या तालुक्याला एकेक डोस दिला, असं धरलं तरी हा त्रास एखाद्या-दुसऱ्या माणसाला होईल.

दुसऱ्या पारड्यात धनुर्वात आहे. 1980 च्या दशकात भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बाळांना धनुर्वात होत असे आणि त्यातली बरीच दगावत. गरोदर बायकांना लस देणं आणि बाळंतपण स्वच्छ ठिकाणी करणं यामुळे हे चित्र बदललं. 2015 मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं मान्य करण्यात आलं. धनुर्वाताचे जंतू मात्र मातीतून गेलेले नाहीत. विळा, गंजका पत्रा, शेणामातीत पडलेला काटा यातून ते आजही येऊ शकतात.

त्यामुळे 'इतकं धोक्याचं आहे तर लसच नको' हा हिशेब चुकतो. पण 'दुर्मीळ आहे, म्हणजे तुला झालेलंच नाही' हेही तितकंच चूक. तालुक्यात एकालाच त्रास झाला, तरी त्या एकाचा अख्खा हात अडकलेला असतो. लावणी, कापणी, शिलाई मशीन, रिक्षा, लोकलचा दांडा, सगळं त्या हातावर चालतं.

कोविडच्या लशीचं काय?

16 जानेवारी 2021 ला देशात कोविड लसीकरण सुरू झालं आणि 17 जुलै 2022 पर्यंत 200 कोटी डोस पूर्ण झाले. मोठ्या माणसांच्या दंडावर इतक्या प्रमाणात इंजेक्शनं यापूर्वी कधी दिली गेली नव्हती. त्यामुळे खांदेदुखीच्या तक्रारीही दिसल्या आणि ब्रेकियल न्यूरायटिसचे काही रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले. तसेच रुग्ण कोविडचा आजार होऊन गेल्यावरही आढळले. एखादा त्रास लशीनंतर झाला एवढ्यावरून तो लशीमुळेच झाला असं ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक रुग्ण तपासावा लागतो.

मग लशीशिवाय आणखी काय असू शकतं?

ब्रेकियल न्यूरायटिसच्या बहुतेक रुग्णांनी कोणतीही लस घेतलेली नसते. विषाणूचा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, अचानक पडलेले अतिश्रम यांच्यानंतर तो दिसतो. युरोपातल्या अभ्यासांत अशा सुमारे दहा टक्के रुग्णांना त्याच सुमारास हेपटायटिस ई, म्हणजे कावीळ करणाऱ्या एका विषाणूचा संसर्ग झालेला आढळला. आपल्याकडे हा विषाणू दूषित पाण्यातून पसरतो. म्हणून डॉक्टरांना लशीची तारीख सांगताना नुकताच येऊन गेलेला ताप किंवा कावीळही सांगा.

शिवाय हात दुखण्याची किंवा बधिर होण्याची नेहमीची कारणं वेगळीच असतात:

- मानेच्या मणक्यातली गादी सरकून मज्जातंतू दाबला जाणं.
- फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. मधुमेह असणाऱ्यांना तो जास्त होतो.
- त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोग. तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.

दोन प्रसंगी मात्र थांबू नका. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. हाताबरोबर तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. दोन्ही वेळा लगेच 108 ला फोन करा.

तपासणी आणि उपचार

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. तिथून गरजेप्रमाणे न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मज्जाविकारतज्ज्ञ किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं जातं. कर्जतहून मध्य रेल्वेने मुंबई गाठली की केईएम, शीव आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरोलॉजी विभाग आहेत.

मज्जातंतू कितपत काम करतात हे नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी या तपासण्यांतून कळतं. त्या फार लवकर केल्या तर दोष दिसत नाही. त्रास सुरू झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी त्या जास्त बोलक्या असतात. सांध्याचा किंवा मानेचा दोष शोधायला सोनोग्राफी, एमआरआय यांची मदत होते.

बर्साच्या दाहावर सूज कमी करणारी औषधं, कधी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि व्यायाम. ब्रेकियल न्यूरायटिसमध्ये सुरुवातीला जोरदार वेदनाशामक लागतात. काही डॉक्टर पहिल्या काही आठवड्यांत थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, पण त्यांच्या उपयोगाचा पुरावा मर्यादित आहे. मधुमेह्यांनी त्या स्वतःहून कधीच घेऊ नयेत. वेदना उतरल्यावर मुख्य उपचार फिजिओथेरपीचा.

या सगळ्याला धीर लागतो. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून डेल्टॉइडपर्यंतचं 15 ते 20 सेंटीमीटर अंतर भरून यायला पाच ते सात महिने जाऊ शकतात. बहुतेकांचा हात दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी पूर्ववत होतो. काहींना थोडा अशक्तपणा किंवा हात लवकर थकण्याचा त्रास उरतो.

तोवर हे टाळा: बधिर भागावर गरम शेक, कारण चटका कळत नाही. जोराचं मालिश आणि 'नस बसवून घेणं'. महिनोन्महिने हात झोळीत बांधून ठेवणं, कारण त्याने खांदा आखडतो.

तक्रार कुठे करायची आणि का?

लशीनंतर झालेल्या कोणत्याही त्रासाला सरकारी भाषेत 'एईएफआय' म्हणतात. ज्या केंद्रात लस घेतली तिथली परिचारिका, आशाताई किंवा वैद्यकीय अधिकारी यांना सांगा. गंभीर प्रकरण जिल्ह्याच्या समितीकडे आणि तिथून पुढे राज्य आणि केंद्राच्या समितीकडे जातं. औषधांच्या आणि लशींच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी 1800-180-3024 हा मोफत क्रमांकही आहे. 2 मे 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामान्य नागरिक आणि खासगी डॉक्टरांनाही अशी नोंद सहज करता यावी, असं सरकारला सांगितलं आहे.

समिती ठरवते की त्रास लशीच्या घटकांमुळे झाला, लशीच्या दर्जामुळे, टोचण्यातल्या चुकीमुळे, सुईच्या धास्तीने, की तो निव्वळ योगायोग होता. हा फरक का महत्त्वाचा, याचं उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात ही लस घेतलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. ते सगळे जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे समोर आलं. हाफकिन निर्दोष ठरायला 1907 साल उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. तीच आजची हाफकिन संस्था.

मृत्यू खरे होते, पण कारण लशीत नव्हतं, हाताळणीत होतं. नीट तपास झाला म्हणून ते कळलं. तुमच्या तक्रारीचंही तसंच आहे. सुई वर लागली असेल तर त्या केंद्रातल्या टोचणाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देता येतं. फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओने यातलं काहीच होत नाही.

पुढच्या वेळी लस घेताना

- संपूर्ण खांदा उघडा राहील असे सैल कपडे घाला. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवली किंवा शर्टाचा गळा खाली ओढला, तर योग्य जागा दिसत नाही.
- बसून लस घ्या. टोचणारी व्यक्तीही बसलेली असेल तर उत्तम. उभं राहून टोचताना सुई वर लागण्याची शक्यता वाढते.
- हात सैल सोडा, कमरेवर ठेवलात तरी चालेल.
- लशीचं नाव, तारीख आणि कोणता हात, हे लिहून ठेवा. पुढे त्रास झालाच तर डॉक्टरांना याच नोंदीचा उपयोग होतो.
- पूर्वी ब्रेकियल न्यूरायटिस झाला असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. तो घ्यायचा की नाही, हे ते तुमच्या धोक्याचा हिशेब पाहून ठरवतील.

तान्ह्या बाळांची काळजी असेल तर एक लक्षात ठेवा: पेंटाव्हॅलेंटसारख्या स्नायूत द्यायच्या लशी त्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. दंडाचा स्नायू लहान असतो आणि कुल्ल्यात मोठा मज्जातंतू असतो, म्हणून ती जागा निवडली आहे.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या बाईंनी विळा लागल्यावर धनुर्वाताची लस घेतली, ते बरोबरच केलं. पंधरा दिवसांनी खांदा दुखू लागल्यावर त्यांनी डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख सांगावी आणि वेदना थांबल्यावरही हाताचा जोर तपासून घ्यावा. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवलं, तर निदान महिने वाया न जाता वेळेत होईल.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासाचं निदान आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी महाराष्ट्रात 104 या क्रमांकावर फोन करता येतो.)